बुरशीचा पेरा

अडतीस पोती भुईमुगाच्या शेंगा घेऊन थोरली आणि तिचा दीर सकाळी सातलाच खरेदी केंद्राच्या फाटकात उभे राहिले होते. दुपारी बाराला तीच अडतीस पोती घेऊन ते परत निघाले. काट्यावर एकसुद्धा पोतं चढलं नाही.

तपासनीस तसा माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून नाही म्हणून म्हणून त्याचा घसा बसला होता. पोत्यातल्या मूठभर शेंगा त्याने फोडल्या, दाणे दळले, बाटलीतलं पाणी घालून ढवळले आणि त्यात बोटभर लांबीची कागदी पट्टी बुडवली. पट्टी छोट्या यंत्रात सरकवली. आकडा आला, एकशे बारा.

"वीसच्या वर घेत नाही," तो म्हणाला. "पुढचा."

"साहेब, दाणा बघा तरी. कसा टपोरा आहे," दीर म्हणाला. घरात त्याला धाकटा म्हणत. पस्तिशीचा, अंगाने आडवा, आवाजाने मोठा. पण आत्ता त्याचा आवाज पार बसला होता.

"टपोरा असेल. आत विष आहे. दोन वर्षं शेवटचा पाऊस दगा देतोय, रोप तहानलं की बुरशी शेंगेत घुसते. हे कोंबड्यांनाही घालू नका."

मागे रांगेत उभ्या असलेल्या वकिलाला हसू आवरलं नाही. हा वकील म्हणजे सातवीतून शाळा सोडलेला शेजारचा शेतकरी. सूर्य कुठे उगवतो यावरही वाद घालायचा, म्हणून गावाने त्याला वकील करून टाकलं होतं. "त्या घरात सध्या काही धड होत नाही," तो शेजारच्याला म्हणाला, तेही थोरलीला ऐकू जाईल अशा बेताने. मग त्याची पोती तपासली गेली. आकडा सत्त्याण्णव. वकील अर्धा तास यंत्राशी भांडला.

फाटकाजवळच्या झाडाखाली एक बाई डबे मांडून बसली होती. चाळिशीच्या आतली, चिखलाने भरलेले पुरुषी बूट, केस रबराने बांधलेले. नाकारलेल्या प्रत्येक पोत्यातली मूठभर शेंग ती पिशवीत घेत होती आणि वर काहीतरी लिहीत होती.

"हे कशाला?" थोरलीने विचारलं.

"संशोधन. बुरशी कुठल्या शेतात किती आहे ते बघतोय. ही खाऊन माणसाचं लिव्हर खराब होतं. त्याचंही काम चाललंय आमचं."

थोरलीचा हात पोत्याच्या तोंडावरच राहिला. "माझा माणूस लिव्हरनं गेला. मागच्या वर्षी. शेहेचाळिसाव्या वर्षी."

बाईने लिहिणं थांबवलं. "दारू प्यायचे?"

"नाही."

हा प्रश्न थोरलीने इतक्यांदा ऐकला होता की तिला पुढचं सगळं पाठ होतं. आता समोरचा माणूस मान हलवेल, थोडं हसेल, 'बरं बरं' म्हणेल. नवऱ्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, तेव्हा डॉक्टरने विचारलं होतं, किती वर्षं पितोय. ती म्हणाली होती, थेंबसुद्धा नाही. डॉक्टर हसला होता. दारात उभा असलेला धाकटा जमिनीकडे बघत राहिला होता. भाऊ चोरून पीत असेल असं त्यालाही वाटत होतं, हे तिला तेव्हा कळलं. नवरा गेला त्यापेक्षा ते जास्त लागलं असं म्हणता येत नाही, पण लागलं.

या बाईने वहीत लिहिलं, 'दारू: नाही', आणि पुढचा प्रश्न विचारला. "शेंगा किती खायचे?"

"दिवसभर. खिशात असायच्याच."

"कुठल्या? निवडलेल्या?"

"निवडून बाजूला काढलेल्या. चांगल्या विकायच्या, सगळ्यांत चांगल्या बियाण्याला. सुरकुतलेल्या, पोचट, काळ्या पडलेल्या घरात. वाया कशाला घालवायच्या म्हणून तेच खायचे. आणि उरलेल्या मी."

बाईने पेन खाली ठेवलं. "त्याच्यामुळेच गेले असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते कळायला तेव्हाचं रक्त लागलं असतं. पण तुमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त आता तपासता येईल. देता?"

"देते."

"वहिनी," धाकटा ट्रॉलीवरून ओरडला. "चला. लोक बघतायत."

*

रक्त घ्यायला बाई तिच्यासोबत काम करणाऱ्या डॉक्टरणीला घेऊन आली तेव्हा सासूबाई आधी आत जाऊन बसल्या. "या वयात माझं रक्त काढून काय मिळणार त्यांना," असं आतूनच चाललं होतं. जाऊ म्हणाली, "आई, तुम्ही सुईला घाबरता म्हणून सांगा ना सरळ." तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या आणि मान दुसरीकडे करून हात पुढे केला.

तीन आठवड्यांनी आकडे आले. घरात चौघांच्याही रक्तात ते विष होतं. सगळ्यांत जास्त थोरलीच्या. कागद हातात धरून ती ओट्यावर बसली. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या तळाला आणखी काहीतरी होतं, आणि ते रागासारखं होतं. इतकी वर्षं तिने दिवा जवळ घेऊन शेंगा निवडल्या होत्या. बोटांना सवय होती, डोळे मिटूनही हलकी शेंग कळायची. आणि प्रत्येक हलकी शेंग तिने स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या खिशात भरली होती.

त्या दिवशी तिने घरातल्या पोचट शेंगांची तिन्ही मडकी उचलून परसातल्या खड्ड्यात ओतली, वर माती लोटली. सासूबाई कपाळाला हात लावून बघत राहिल्या. अडतीस पोतीही त्यांनी निवडून खाल्ली असती. ती सगळी संशोधनवाल्यांनी नेली आणि जाळली.

"यावर उपाय काय?" थोरलीने बाईला विचारलं.

"एक आहे. दुसऱ्या ठिकाणी चांगला ठरलाय. इथल्या मातीत चालतो का, ते बघायचंय." बाईने पिशवीतून काचेची बशी काढली. आत हिरवट पावडरीसारखं काहीतरी वाढलेलं. "मातीत या बुरशीचे दोन भाऊ असतात. दिसायला सारखेच. एक विष करतो, दुसरा करत नाही. हा दुसरा. तुमच्याच गावच्या मातीतून शोधलाय, दीड वर्ष लागलं. ज्वारीचे दाणे भाजायचे, म्हणजे ते उगवत नाहीत. त्यांना ही बुरशी लावायची आणि पीक पस्तीस दिवसांचं झालं की रानात फेकायचे. हा आधी येऊन पसरला की दुसऱ्याला जागा उरत नाही."

"म्हणजे काट्यानं काटा काढायचा."

"बुरशीनं बुरशी."

घरात जे व्हायचं ते झालं. धाकटा ताटावरून उठला. "ज्यामुळे माल परत आला तीच वावरात पेरायची? वहिनी, लोक आपल्याला वेड्यात काढतील. नाही म्हणजे, काढतातच आहेत."

"मग आणखी थोडं काढतील."

"मी नाही करणार. सहा एकर आहे. दादाचं अर्धं तुमचं. मधल्या बांधापासून तुमच्या बाजूला काय करायचं ते करा. माझ्या बाजूला एक दाणा पडता कामा नये."

थोरलीने बाईला तसंच सांगितलं, जरा ओशाळूनच. बाईचा चेहरा उजळला. "ह्याहून चांगलं काही नाही. एकच माती, एकच बियाणं, एकच पाऊस. एका बाजूला आहे, एका बाजूला नाही. तुमच्या दिरांना माझ्यातर्फे धन्यवाद सांगा."

धाकट्याला ते धन्यवाद फार झोंबले.

*

गावाने बाईचं नाव बुरशीबाई ठेवलं. वकिलाने थोरलीसाठीही एक दोन नावं काढून बघितली, पण ती टिकली नाहीत.

पस्तिसाव्या दिवशी बुरशीबाई बारा किलो ज्वारी घेऊन आली. बुरशी लावलेले दाणे राखाडी दिसत होते, हाताला पावडर लागत होती. थोरलीने पदर खोचला, टोपली कमरेला धरली आणि ओळीत शिरली. चार बोटांनी मूठ अर्धी भरायची, मनगट फिरवून फेकायची, तीन पावलं जायचं. पहिल्या दोन ओळींत दाणे ढिगाने पडले. तिसऱ्या ओळीपासून हात बसला. दुपारपर्यंत तीन एकर झालं. बांधापलीकडे धाकटा खुरपत होता. त्याने मान वर केली नाही, पण वारा सुटला की लगेच उठून दाणे आपल्याकडे येतायत का ते बघायचा.

"आता दोन तीन दिवसांत पाऊस हवा," बुरशीबाई म्हणाली. "माती ओली असली की दाण्यावर बुरशी फुटते. हिरवी दिसेल. कोरडी राहिली तर नुसती मुंग्यांची चंगळ."

पाऊस आला नाही. ढग यायचे, गावावरून जायचे, पलीकडच्या डोंगरावर अडकायचे. तिसऱ्या दिवशी थोरली ओळीत बसून दाणे चाचपत होती. राखाडीचे राखाडीच. मुंग्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक मुंगी आपल्याहून मोठा दाणा ओढत बिळाकडे निघाली होती. वर पाखरं. बुरशीबाई आली, गुडघ्यावर बसली, दाणा नखाने खरवडला आणि तो मातीत टाकून आभाळाकडे बघू लागली.

"पाणी मारलं तर?" थोरलीने विचारलं.

"तीन एकरावर? वरची माती भिजली पाहिजे, रोज, तीन चार दिवस तरी. पाट सोडता येणार नाही, दाणे वाहून जातील."

"फवाऱ्याने."

"तो सोळा लिटरचा असतो ताई."

"माहीत आहे किती लिटरचा असतो."

थोरलीने औषध फवारायचा पंप तीनदा धुतला, साबणाने, मग राखेने, मग नुसत्या पाण्याने. पाठीला बांधला. विहिरीवर भरायचा, ओळीत न्यायचा, एका हाताने दांडा मारायचा, दुसऱ्या हाताने नळी फिरवायची, रिकामा झाला की परत. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. पहिल्या दिवशी तीस फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पट्ट्याने खांदा सोलला, तिथे तिने जुनं फडकं घडी करून घातलं. पंपातलं पाणी पाठीवरून गळायचं, ओचा भिजायचा, चिखल पायाला चिकटून पाय जड व्हायचे. जाऊ दोन वेळा घागरीने पंप भरायला आली. सासूबाई बांधावर बसून पाखरांवर ढेकळं मारत होत्या. नेम एकही लागत नव्हता, पण तोंडाचा पट्टा एवढा होता की पाखरं त्यालाच घाबरत होती.

वकील बांधावरून जाताना थांबला. "बुरशीला पाणी घालताय?"

"हो."

"लोक बुरशी मरावी म्हणून औषध मारतात."

"तुम्ही मारलं होतं ना? किती आला होता आकडा?"

वकील पाऊस कुठे अडलाय ते बघत पुढे निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली विहिरीवर पंप भरत होती तेव्हा मागून दुसऱ्या पंपाची कडी वाजली. धाकटा उभा होता. त्याने पंप भरला, पाठीला लावला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझा विश्वास बसला असं समजू नका. तुम्ही आडव्या पडलात तर आई मला जेवू घालणार नाही, एवढंच."

"बरं."

"कुठपर्यंत झालंय?"

"जांभळाच्या झाडापर्यंत."

दोघांनी मिळून दुपारच्या आत सगळं रान ओलं केलं. चौथ्याही दिवशी केलं. पाचव्या सकाळी थोरली ओळीत वाकली आणि तशीच राहिली. रोपाखाली, सावलीत, ज्वारीचा दाणा हिरवा झाला होता. मऊ, मखमलीसारखा हिरवा. शेजारचाही. त्याच्या पलीकडचाही. ती ओळीच्या टोकापर्यंत वाकलेलीच चालत गेली. मग कंबर धरून सरळ झाली आणि बांधाकडे बघून म्हणाली, "भाऊजी, आली."

धाकट्याने येऊन बघितलं. "एवढ्या कष्टानं घरात बुरशी आणणारे आपणच पहिले असू," तो म्हणाला. खूप दिवसांनी ती त्याच्या बोलण्यावर हसली.

*

शेवटचा पाऊस त्याही वर्षी दगा देऊन गेला. शेंगा भरायच्या वेळेला जमिनीला भेगा पडल्या, पानं दुपारी मिटून घ्यायला लागली. गावात सगळे आकाशाला शिव्या देत होते. फक्त बुरशीबाई म्हणाली, "वाईट आहे, पण परीक्षा अशाच वर्षात होते."

काढणी झाली. थोरलीने शेंगांचा ढीग घातला नाही. बांबूच्या मांडवावर वेल उलटे पसरले, दव पडायच्या आत झाकले, उन्हात उघडले. धाकट्यानेही आपल्या बाजूचं तसंच केलं. दोन्हीकडची पोती वेगवेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवली, तिची पांढऱ्या, त्याची काळ्या.

खरेदी केंद्रावर रांग मोठी होती आणि चेहरे उतरलेले. सकाळपासून नऊ गाड्या परत गेल्या होत्या. बुरशीबाई वही घेऊन तपासनिसाच्या मागे उभी होती. थोरलीच्या लक्षात आलं की तिने पेनचं टोपणही काढलेलं नाही, आणि ते बघून थोरलीला उलट धीर आला.

काळ्या सुतळीचं पोतं आधी उघडलं. पट्टी, यंत्र, आकडा. सत्त्याऐंशी. धाकट्याने मान हलवली. त्याला ते अपेक्षितच होतं आणि तरी त्याचा चेहरा पडला.

मग पांढऱ्या सुतळीचं.

तपासनीस यंत्राकडे बघत राहिला. यंत्र बोटाने ठोकलं. "पट्टी खराब असेल," म्हणून दुसरी फोडली. पुन्हा तेच. त्याने पोत्याच्या तळात हात घालून खालच्या शेंगा काढल्या, मग तिसऱ्या पोत्यातल्या, मग अकराव्या. रांग मोडून लोक भोवती जमले.

"किती आला?" मागून कोणीतरी विचारलं.

"तीन," तपासनीस म्हणाला. "मघाशी पण तीन. आता दोन."

"मशीन बिघडलंय," वकील म्हणाला. "मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

"मग तुमचं घाला त्यात," तपासनीस म्हणाला.

वकिलाचं घातलं. एकशे चाळीस. कोणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. तपासनिसाने थोरलीच्या अकराव्या पोत्यातली शेंग पुन्हा तपासली. तीन.

"चढवा," तो म्हणाला. दिवसभरातलं त्याचं पहिलं 'चढवा'. हमाल उठायलाही विसरले होते.

पांढऱ्या सुतळीची पोती एकामागून एक काट्यावर जात होती आणि थोरली नुसती उभी होती. सोललेल्या खांद्यावर आता नवी कातडी आली होती, तिला तिथे खाज सुटली होती, आणि एवढ्या माणसांत खाजवावं कसं हे तिला सुचत नव्हतं. बुरशीबाई डोळे पुसत वहीत लिहीत होती. दोन्ही एकच काम असल्यासारखं चाललं होतं.

"वहिनीनं केलंय हे," धाकटा अचानक म्हणाला. त्याचा मोठा आवाज परत आला होता. "एकच वावर, मधे एक बांध. तिकडे बुरशी पेरली, इकडे मी पेरू दिली नाही. माझं सत्त्याऐंशी, त्यांचं तीन. आणि आणखी एक सांगतो. माझा दादा जन्मात दारू प्यायला नाही. तुम्ही सगळे म्हणालात प्यायचा. मीही मनात म्हणालो. तो या शेंगा खायचा. दिवसभर, खिशातून. चांगल्या आपण विकायचो आणि वाईट तो खायचा."

जवळच्या एका म्हाताऱ्याने स्वतःच्या खिशात हात घातला, मूठभर शेंगा काढल्या, थोडा वेळ बघितल्या आणि कचऱ्याच्या पिंपात टाकल्या.

थोरली पोती मोजायला आत गेली. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिने जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बाजूची पोती संशोधनवाल्यांना जाळायला देऊन टाका. घरी न्यायची नाहीत. एकही."

"नाहीच नेत."

*

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. थोरलीच्या रक्तातला आकडा पहिल्याच्या पाचव्या हिश्श्यावर आला होता. डॉक्टरणीने कागद दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, पण रेघ खाली आलेली कळते."

बुरशीबाईची अडचण आता वेगळीच झाली होती. चार गावांतून माणसं यायला लागली. एवढे दाणे भाजायला, बुरशी लावायला तिच्याकडे माणसंही नव्हती आणि जागाही. तेव्हा थोरलीने घराशेजारची रिकामी शेड झाडून घेतली. बाटलीतली बुरशी प्रयोगशाळेतून यायची, बाकी सगळं तिथे. मोठ्या कढईत ज्वारी भाजायची, गार करायची, तोंडाला फडकं बांधून बुरशी लावायची. जाऊ, शेजारणी मिळून आठ जणी. एखादा घाणा थोडा ओला राहिला तर थोरली तो सरळ फेकून द्यायची. मग कोणी हळहळलं की म्हणायची, "वाया घालवायचं नाही, याच नादानं घर बुडत होतं." बुरशीबाई प्रत्येक घाण्यातला चिमूटभर नमुना तपासायला न्यायची. तीन महिन्यांत एकही नापास झाला नाही.

पुढच्या हंगामात पस्तिसाव्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेला आणि सकाळी माती पायाला चिकटण्याइतकी ओली होती. गावातली जवळजवळ सगळी घरं टोपल्या घेऊन बाहेर पडली होती. आता मधला बांध असा राहिला नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांची एकच ओळ उभी होती आणि थोरली मधोमध.

"चार बोटांनी अर्धी मूठ. फेकायची, तीन पावलं. ढीग घालू नका, बुरशीला पसरायला आवडतं. चला."

ओळ पुढे सरकली. टोपल्यांतून दाणे उडत होते, ओल्या मातीवर पडताना बारीक आवाज होत होता. धाकटा सगळ्यात पुढे होता आणि मागून येणाऱ्यांना पावलं मोजून दाखवत होता, जणू ही त्याचीच युक्ती. थोरलीने त्याला दाखवू दिलं.

अर्ध्या वावरात पोचल्यावर डावीकडून आरडाओरडा ऐकू आला. वकील टोपली उलटी धरून उभा होता. शेजारच्याची टोपली अजून अर्धी भरलेली होती आणि वकिलाचा हात त्या टोपलीच्या काठावर.

"काय झालं?" थोरलीने लांबूनच विचारलं.

"हे बरोबर नाही," वकील म्हणाला. "सगळ्यांच्या समोर सांगतो. माझ्या वाट्याला बुरशी कमी आलीय."